चारवर थांबलेला आकडा

लोक विचारतात, मिस्त्री, जन्मभर तुम्ही दुसऱ्यांचे फ्रीज दुरुस्त केले आणि स्वतःच्या घरातला फ्रीज बंद काहून? खरं सांगतो, भीतीमुळं. फ्रीज चालू असला की मी त्याचा आवाज ऐकत बसतो. कॉम्प्रेसर थांबला की मनात मोजायला लागतो, आता सुरू होईल, आता होईल. बायको होती तोवर म्हणायची, "जेवा की मुकाट्यानं. त्यालाबी दम खाऊ द्या जरा." ती गेल्या पौषात गेली. एकट्यानं मोजत बसण्यापेक्षा मी तारच काढून ठेवली. एका माणसाला दूध लागतं किती?

मी हट्टा गावचा. शाळा सातवीपर्यंत, तीही शेवटी शेवटी नुसती हजेरीपुरती. फ्रीज, कूलर, डेअरीचे दुधाचे थंड टाके हे सगळं हातानं शिकलो. म्हातारपणी कॉम्प्युटरचंही काम गळ्यात पडलं. ते कसं पडलं ते पुढं सांगतो. दिवाळी अंकवाले म्हणाले, कामातल्या गमती लिहा. दोन गमती आहेत. त्या आधीच सांगून टाकतो, कारण नंतर हसण्यासारखं काही नाही.

मी थंडी मोजायच्या पेट्या बसवायचो. फ्रीजच्या आत सेन्सर, बाहेर तळहाताएवढी पेटी, पेटीत मोबाईलचं सिमकार्ड. आतली थंडी किती ते पेटी दर पाच मिनिटांनी कळवते. आकडा वर चढला तर मालकाच्या मोबाईलवर मेसेज जातो. कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाबेवाल्यानं अशी पेटी आईस्क्रीमच्या फ्रीजला लावून घेतली. त्याला वाटायचं आचारी चोरून खातो. मे महिन्यात त्याचा फोन आला.

"मिस्त्री, आकडा चढून राहिला. कोणी उघडला ते सांगा."

"मालक, पेटीला थंडी कळते. चोर कळत न्हाई."

"मग पैसे कशाचे घेता?"

तो दबकत दबकत मागच्या खोलीत गेला. त्याची म्हातारी आई फ्रीजचं दार उघडून समोर पाटावर बसली होती. ती म्हणाली, "कूलरपरीस हे बरंय बाबा, पाणी भरायची कटकट न्हाई."

दुसरी गंमत आखाडा बाळापूर गावच्या जनावरांच्या औषधांच्या दुकानदाराची. त्याच्या लसीच्या फ्रीजचा आकडा इतका बराबर यायचा की मला शंका आली. जाऊन पाहिलं तर सेन्सर दह्याच्या गंजात बुडवलेला. सेन्सरची वायर लसीच्या खोक्याला अडचण करत होती म्हणे. दही एकदम बराबर होतं. लसीचं देव जाणे.

झाल्या गमती.

पेट्या विकणारी कंपनी दुसऱ्या राज्यातली. चार पेट्या बसवून झाल्या आणि कंपनी बंद पडली. तिचा इंजिनिअर माणूस चांगला. जाताना तो सगळा प्रोग्रॅम माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर टाकून गेला. म्हणाला, "काका, आता हे तुमचंच." मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. तो म्हणाला, "काकूंना येतं ना?" मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, येत होतं. ती बारावी पास, इंग्रजीसकट. ती वाचायची, मराठी अक्षरात वहीत उतरवायची, आणि मी दोन बोटांनी टाईप करायचो. असा मी साठीत प्रोग्रॅम लिहायला शिकलो. शिकलो म्हणजे काय, पाहून पाहून उतरवायला लागलो.

आता जरा कामाचं सांगतो, न समजलं तर पुढचं समजणार नाही. पेटी माझ्या कॉम्प्युटरला म्हणते, मी अमुक गावचा फ्रीज, माझा आकडा घे. पण ती खरंच तीच कशावरून? म्हणून प्रत्येक पेटीत एक डिजिटल सर्टिफिकेट असतं. ते तिचं ओळखपत्र. नाव, मुदत, कुणी दिलं, सगळं त्यात असतं. कॉम्प्युटर ते तपासतो आणि मगच आकडा घेतो. ओळखपत्र पटलं नाही तर दार बंद. या ओळखपत्रात एक लहानसा रकाना असतो, व्हर्जनचा. कार्ड कोणत्या नमुन्याचं आहे, पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या, ते तिथं लिहायचं. आजकाल सगळीकडं तिसरा नमुना चालतो. चौथा अजून जगात निघालाच नाही.

हे कार्ड बनवणं आणि तपासणं मी स्वतः करत नव्हतो, तेवढी अक्कल मला कुठली! त्यासाठी लायब्ररी असते. पुस्तकांची नव्हे. हुशार लोकांनी लिहून ठेवलेलं तयार काम असतं, आपण फक्त त्याला सांगायचं की हे नाव टाक, ही मुदत टाक, हे व्हर्जन टाक. आम्ही मिस्त्री लोक कॉम्प्रेसर कुठं घरी बनवतो? तयार आणतो आणि जोडतो. तसंच.

पहिल्या चार पेट्यांची कार्डं इंजिनिअरनं केलेली. पुढं कंपनीचा उरलेला माल मी उचलला आणि सात गिऱ्हाइकं स्वतः जोडली. त्या सातांची कार्डं मी केली. सातातली एक पेटी तालुक्याच्या गावी, एका खाजगी बाळंतपणाच्या हॉस्पिटलात, रक्त ठेवायच्या फ्रीजला. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरबाईंचा यात दोष नाही.

रक्ताच्या फ्रीजला सेन्सर मोकळा सोडत नाहीत. ग्लिसरीनच्या बाटलीत बुडवतात, म्हणजे दार उघडलं की उगाच उडी मारत नाही. रक्ताच्या पिशवीला जेवढी ऊब कळेल तेवढीच त्याला कळते. दोन ते सहा अंशात रक्त ठेवायचं. त्या फ्रीजला स्वतःचा भोंगाही होता. पण दार जरा उघडं राहिलं की तो बोंबलायचा आणि शेजारच्या खोलीतली तान्ही लेकरं उठायची. सिस्टरबाईंनी त्यावर कापूस ठेवून चिकटपट्टी मारली होती. मी ते पाहिलं होतं. फ्रीजच्या दारावरचा आकडाही गेलेला होता. मीच म्हटलं होतं, "राहू द्या बाई, मोबाईलवर दिसतोच की." इतका माझा माझ्या पेटीवर भरोसा.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. कॉम्प्युटरवर चार दिवसांपासून लाल अक्षरात सूचना येत होती, नवीन करा, नवीन करा. एका संध्याकाळी मी वैतागून हो म्हटलं. प्रोग्रॅम नवे झाले, लायब्ररीही नवी झाली. लाल अक्षरं गेली. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, एकच्या सुमारास, जेवायला बसलो होतो. समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर अकरा फ्रीजचे अकरा आकडे. भाकरी मोडता मोडता माझी नजर गेली. हॉस्पिटलचा आकडा ४.०. छान. वरण घेतलं, पुन्हा पाहिलं. ४.०. मंगल ताक द्यायला आली, तोवरही ४.०.

आता हे गिऱ्हाइकाला कळणार नाही, मिस्त्रीला कळतं. चालता फ्रीज एका आकड्यावर कधी राहत नाही. कॉम्प्रेसर बंद झाला की आकडा चढतो, सुरू झाला की उतरतो. चार पूर्णांक दोन, चार पूर्णांक पाच, तीन पूर्णांक नऊ. श्वासासारखं असतं ते. आणि हा तर ताटावर बसल्यापासून हलला नव्हता. दुसरे पाहिले. चार आकडे हलत होते. सात थिजलेले. हलणारे चार इंजिनिअरचे. थिजलेले सात माझे.

त्याचं कारण मला लगेच कळलं, आणि तेही माझंच पाप होतं. आमच्या भागात रेंज जाते. रेंज गेली की पडदा कोरा व्हायचा आणि गिऱ्हाइकं घाबरून फोन करायची. म्हणून मीच त्या इंजिनिअरला म्हटलं होतं, नवा आकडा येईस्तोवर जुनाच दिसू दे. म्हणजे आता समोर दिसत होता तो कालचा आकडा. आज आत काय चाललंय ते कुणालाच माहीत नव्हतं. आकडा आलाच नाही तर तो चढला हे कॉम्प्युटरला कळणार कुठून? मेसेजही जाणार नाही.

हात न धुता मी कॉम्प्युटरची नोंद उघडली. इंग्रजीच्या ओळीच ओळी.

"मंगल, हे वाच."

तिनं चष्मा लावला. "कॉम्प्युटर म्हणून राहिला, पेटीचं कार्ड नाकारलं. व्हर्जन... तीन हे व्हर्जन चालत न्हाई."

"तीन चालत न्हाई? सगळं जग तीनवर चालू हाय!"

तिनं चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडं पाहिलं. आणि मला आठवलं. पहिलं कार्ड करताना तिनं वाचून दाखवलं होतं, "हितं तिसऱ्या नमुन्यासाठी दोन लिवलंय. हे लोक शून्यापासून मोजतात वाटतं. शून्य म्हंजे पहिला." मी तेव्हा तिच्यावर ओरडलो होतो. तिसरा म्हणजे तीन, दोन लिहिलं तर दुसऱ्या नमुन्याचं होईल, तुला काय कळतं यंत्रातलं, जा भाकरी पाहा. आणि तीन टाईप केलं. मशीनच्या हिशोबानं तो झाला चौथा नमुना, जो जगात नाही. जुनी लायब्ररी त्या रकान्याकडं बघतच नव्हती, म्हणून सातही कार्डं चालत राहिली. नवी लायब्ररी कडक. तिनं सातांनाही दारातून हाकललं.

मंगल म्हणाली, "आता तोंड पाहू नका. फोन लावा."

सहा ठिकाणी लागला. सहाही फ्रीज चालू होते. सातवा हॉस्पिटलचा. तो वाजून वाजून बंद व्हायचा. चौथ्या वेळी सिस्टरबाईंनी उचलला.

"बाई, फ्रीज पाहा आधी, चालू हाय का."

"काका, बाळंतीण टेबलावर आहे, रक्त थांबत नाही तिचं. सकाळपासून लाईट नाही, जनरेटरवर आहोत. नंतर करा." फोन ठेवला.

जनरेटर! लाईट जाऊन जनरेटर लागतो तेव्हा जो झटका बसतो, त्यानं त्या फ्रीजचा स्टॅबिलायझर उडायचा. बटण दाबल्याशिवाय पुन्हा लागायचा नाही. असं आधी दोनदा झालेलं. दोन्ही वेळा माझ्या मेसेजमुळं त्यांना कळलं होतं. आज भोंग्यावर चिकटपट्टी, दारावर आकडा नाही, आणि मेसेज जायचा नाही.

मी मोटारसायकल काढली. मंगल दारात मोबाईल कानाला लावून उभी. "तुमी निघा. मी फोन लावत राहते."

पाऊण तासाचा रस्ता. वर ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. या उन्हात बंद फ्रीज किती वेळ थंड राहील याचा हिशोब मी रस्ताभर करत होतो. दार उघडलं नाही तर इतके तास. एकदा उघडलं तर इतके. दोनदा उघडलं तर... मला वाटत होतं मी हिशोब विसरावा. पण चाळीस वर्षांचं काम, विसरता येत नव्हतं. ऊब लागलेलं रक्त माणसाच्या अंगात गेलं तर काय होतं ते डॉक्टरबाईंनी पेटी बसवतानाच मला सांगितलं होतं. म्हणूनच तर बसवली होती.

तिकडं काय चाललं होतं ते नंतर कळलं. काउंटरवर कुणी नव्हतं, सगळे आत. फोन वाजतच होता. बाकड्यावर त्या बाळंतिणीची सासू बसली होती. वाजणं ऐकवेना म्हणून तिनंच उचलला.

मंगल म्हणाली, "आत सांगा, फ्रीजमधलं रक्त देऊ नका."

सासू म्हणाली, "कोण गं तू?"

"मी हट्ट्याहून बोलते. माहे मालक येऊन राहिले. तवर देऊ नका म्हणा."

"माही सून मरायला टेकली अन् रक्त देऊ नको म्हणती? कोणी सांगितलं तुला हे? जाऊबाईनं?" तिनं फोन आपटला, आणि पुन्हा वाजू नये म्हणून काढून बाजूला ठेवला.

मी पोचलो आणि चपलांसकट आत धावलो. ऑपरेशनच्या खोलीचं दार लोटलेलं. मी ओरडलो, "रक्त थांबवा! बाई, रक्त थांबवा!"

सासू उठली. "हाच! ह्याच्याच बाईचा फोन व्हता!"

बाळंतिणीच्या नवऱ्यानं माझी कॉलर धरली. तिशीतला धट्टाकट्टा माणूस. "काय वैर हाय तुमचं आमच्याशी? कोण तुमी?"

"फ्रीजवाला. सोडा मला, फ्रीज बंद हाय."

"फ्रीजचं काय घेऊन बसलात? इथं माणूस जाऊन राहिलं!"

आरडाओरड ऐकून डॉक्टरबाई बाहेर आल्या. हातमोजे रक्तानं भरलेले. मी एका दमात सांगितलं, "माझी पेटी कालपासून मुकी हाय. माझ्या चुकीनं. फ्रीज बंद पडला असंल." त्यांनी मला काहीच विचारलं नाही. आत वळून एवढंच म्हणाल्या, "सिस्टर, दुसरी पिशवी लावू नका."

म्हणजे पहिली गेली होती.

फ्रीजला मी हात लावला. मुका. स्टॅबिलायझरचा दिवा विझलेला. ग्लिसरीनची बाटली हातात घेतली तर गारवा जेमतेम. पेटीचं झाकण काढलं की आत लहान पडदा असतो आणि तिची स्वतःची नोंद, माझ्या कॉम्प्युटरनं घेतली नाही तरी. बटण दाबत मी एकेक आकडा मागं नेत होतो आणि डॉक्टरबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी सिस्टरबाईंना विचारलं, पहिली पिशवी किती वाजता काढली? रजिस्टरात होतं, बारा चाळीस. माझं बोट बटणावरून घसरत होतं. त्या अठरा-वीस दाबण्यांत मी किती देव आठवले ते लिहीत नाही.

बारा चाळीसला पेटी म्हणत होती, आठ.

आता म्हणत होती, तेरा.

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले, उघडले. "दहाच्या वर मी देत नाही. आठ..." त्या सिस्टरबाईंकडं वळल्या. "ह्या सगळ्या पिशव्या बाद. नांदेडला गाडी पाठवा. नवं रक्त आणा."

नांदेडहून रक्त यायला तास-दीड तास. तोवर डॉक्टरबाईंनी आत काय काय केलं मला ठाऊक नाही. दार उघडायचं, सिस्टरबाई कापडाचे बोळे घेऊन बाहेर यायची, परत जायची. मी मोजू नये म्हणून भिंतीकडं तोंड करून बसलो, तरी मोजले. नवरा येरझारा घालत होता. सासू पदर तोंडात धरून बसली होती. तिला एवढंच कळलं होतं की फ्रीज बिघडला होता आणि मी वेळेवर आलो. मघाचा राग गेला होता. तिनं मला तिच्या पिशवीतून पाणी दिलं. मी प्यालो. त्या पाण्याची चव मला आजही सांगता येईल.

मी डॉक्टरबाईंना हळूच म्हटलं, "ह्यांना सांगू का, चूक माझी होती?"

"काका, आत्ता गप्प बसा. आत्ता त्यांना धीर हवाय." आत्ता, असं त्या म्हणाल्या होत्या. पुढचं मला मोकळं होतं.

रक्त आलं. दिवस मावळायच्या आत बाई वाचल्याचं कळलं. पण रक्त थांबेना म्हणून गर्भाची पिशवी काढावी लागली. मुलगी झाली होती. पहिलीच आणि आता शेवटची. वेळेवर चांगलं रक्त हाताशी असतं तर पिशवी वाचली असती का? मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." एक वेळ 'हो' म्हणाल्या असत्या तरी बरं झालं असतं. 'सांगता येत नाही' घेऊन दोन वर्षं झोपतोय मी.

दुसऱ्या दिवसापासून सातही गावं फिरलो. मंगलनं वाचलं तसं दोन टाईप करून नवी कार्डं केली, पेट्यांत घातली. आकडा पाच मिनिटांत आला नाही तर पडदा कोरा करायचा, आणि आधी मला फोन वाजवायचा, असंही केलं. भोंग्यावरची चिकटपट्टी माझ्या हातानं काढली. लेकरं उठतात तर उठू देत. वर्षभरात एकेक काम दुसऱ्यांकडं देऊन टाकलं.

महिन्या-दीड महिन्यानं ते लोक आमच्या घरी आले. नवरा, सासू, आणि ती बाई लेकराला घेऊन. पेढे आणले होते. सासू मंगलला म्हणाली, "बाई, मी तुझा फोन आपटला, मला माफ कर." मग माझ्या पाया पडायला वाकली. माझ्यापेक्षा वयानं मोठी असेल. मी मागं सरकलो तर म्हणाली, "तुमी धावत आलात म्हणून माही सून हाय." ती बाई काही बोलली नाही. लेकरू मांडीवर घेऊन बसली होती, चेहरा पिवळा. पुन्हा मूल होणार नाही हे तिला तोवर सांगितलेलं होतं. नवरा म्हणाला, "देवाची मर्जी."

मी देवाची मर्जी म्हणून मान हलवली.

ते गेल्यावर मंगल पेढ्यांच्या पुड्याकडं बघत म्हणाली, "देवानं तीन लिवलं व्हतं का?"

मी म्हटलं, "सांगून काय होणार? तिची पिशवी परत येणार का?"

"तिचं न्हाई म्हणत मी. पेढा तुमच्या घशाखाली जाईल का ते विचारते."

त्यानंतर तिनं बरेच वेळा म्हटलं, चला जाऊन सांगू. मी दरवेळी काहीतरी काम काढलं. आज ऊन आहे, उद्या बाजार आहे. तिचा आजार सुरू झाला, मग ते निमित्त मिळालं. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यातही तिनं विचारलं, "गेला व्हतात का?" मी हो म्हटलं. खोटं बोललो. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि डोळे मिटले. तिला वाचता येत होतं, इंग्रजीही आणि मलाही.

म्हणून हे लिहून राहिलो, त्या लेकराच्या आईसाठी. तुमच्या घरापर्यंत दोनदा आलो होतो. एकदा वळणावरून परतलो, एकदा तर तुमच्या अंगणात लेकरू खेळताना दिसलं, पायात वाळे होते, तेव्हा पाय उचलला नाही. नवऱ्याचा हात आठवला, कॉलर धरलेला. त्याची भीती वाटते हे लपवत नाही. पण तुमची जास्त वाटते, बाई, तुम्ही काहीच बोलल्या नव्हत्या म्हणून.

तर ऐका. त्या दिवशी फ्रीज जनरेटरनं बंद पडला, पण तो बंद पडल्याचं कुणाला कळलं नाही ते माझ्यामुळं. माझ्या बायकोनं बराबर वाचलं होतं आणि मी ऐकलं नाही. मी तुम्हाला वाचवायला आलो नव्हतो, माझी चूक थांबवायला आलो होतो, आणि तुमच्या घरच्यांनी मला पेढे दिले ते मी खाल्ले. देवाची मर्जी नव्हती.

मी घरीच असतो. दार उघडं असतं.